निळ्या पेन्सिलीतला हात

धाकटीने निब शाईच्या बाटलीत बुडवली, काठावर दोनदा निथळली आणि जी रेघ गिरवायची नव्हती ती गिरवली.

आधी अंगठा, मग चार बोटं, मग मनगट. पंधरा मिनिटांत हात तयार झाला. चौकटीच्या कडेतून आत आलेला आणि गोष्टीतल्या मांत्रिकिणीची बाही मागून घट्ट धरलेला. शाई वाळेपर्यंत धाकटी जागची हलली नाही. मग तिने पान स्कॅनरवर पालथं घातलं, मासिकाच्या कचेरीला पाठवून दिलं आणि हात धुवायला गेली. अकरा वर्षं ती शाईत काम करत होती, पण न गिरवायची रेघ तिने कधी गिरवली नव्हती.

धाकटी म्हणजे काही लहान नव्हे, एक्केचाळीस पूर्ण झालेली बाई. पण घरात एकदा पडलेलं नाव केस पांढरे झाले म्हणून सुटत नाही. दादा चित्रं काढायचा, वहिनी गोष्ट लिहायची आणि धाकटी दादाच्या पेन्सिलीवर शाई फिरवायची. तिघांनी मिळून अकरा वर्षं एक मांगा, म्हणजे जपानी धर्तीची चित्रकथा, चालवली होती. दर महिन्याला चोवीस पानं. त्यातली पहिली सात वर्षं तिघं एका घरात राहत होते. मग दादा-वहिनीचा घटस्फोट झाला. घर फुटलं, पण मासिक थांबायला तयार नव्हतं. वाचकांना त्या दोघांच्या भांडणाशी काय देणंघेणं?

तेव्हापासून दादा आणि वहिनी एकमेकांशी बोलले नव्हते. बोलले नव्हते म्हणजे तोंडाने. पानाच्या कडेला मात्र त्यांचं अखंड चालू असायचं, तेही निळ्या पेन्सिलीत. या धंद्यात सूचना फिकट निळ्याने लिहितात, कारण छपाईत तो निळा उमटत नाही. स्कॅनरवर एक खूण केली की सगळं निळं नाहीसं होतं आणि फक्त काळी शाई उरते. त्यामुळे निळ्यातलं गिरवायचं नाही, हा पहिला धडा. धाकटीला तो वहिनीनेच दिला होता.

दर दुसऱ्या मंगळवारी धाकटी पानांची पिशवी घेऊन बसने वहिनीकडे जायची. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची तिसऱ्या मजल्यावरची खोली. वहिनी निळ्याने शेरे मारायची, धाकटी ती पानं परत आणायची, दादा निळ्यानेच उत्तर द्यायचा आणि मग शाईची पाळी यायची.

‘या घोड्याला पाच पाय आहेत.’

‘पाचवी शेपटी आहे.’

‘मग शेपटीला खूर कशाला?’

हे झालं कामाचं. पण मध्येच कुठेतरी, डोंगराच्या उतारावर किंवा ढगाच्या पोटात, बारीक अक्षरात दुसरंही काही असायचं.

‘दाताला दाखवलंस का?’

‘दुखायचा थांबला.’

‘थांबला नाही, मेला. डॉक्टरकडे जा.’

धाकटी हे सगळं वाचायची आणि मग खोडरबर घेऊन पुसून टाकायची. जगात त्या दोघांचा हा पत्रव्यवहार वाचणारी ती एकटी होती. तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही, पण तिच्या मनात एक आशा घर करून बसली होती. जी माणसं एकमेकांच्या दाढेची चौकशी करतात ती कायमची कशी तुटतील?

आणि आता मांगा संपत होती. हे शेवटचं पान होतं.

गोष्ट अशी होती. एक मांत्रिकीण रिंगण आखून विधी करत असते. एक नकाशेवाला वाट चुकून त्या रिंगणात पाय टाकतो, आणि दोघांच्या सावल्या एकमेकींना बांधल्या जातात. शंभर पावलांपेक्षा लांब गेलं की दोघांचाही श्वास कोंडतो. मग काय, मिठाचं वाळवंट, बुडालेलं शहर, हाडांचा पूल, सगळीकडे दोघं बरोबर. सोबत अंधारात वाट दाखवायला एक दिवेवाली. प्रत्येक मुक्कामावर नवा विधी आणि प्रत्येक विधीला काहीतरी किंमत. कधी मांत्रिकिणीचा आवाज जातो, कधी नकाशेवाल्याचा डावा कान. आणि या सगळ्या धामधुमीत दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात, जे वाचकांना तिसऱ्याच अंकात कळलं होतं आणि त्या दोघांना कळायला साठ अंक लागले.

शेवटचा विधी सावल्या सोडवण्याचा. वाचकांची खात्री होती की सावल्या सुटतील आणि तरी दोघं एकत्र राहतील. धाकटीचीही होती. पण वहिनीने लिहिलं होतं की सावल्या सुटतात, दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि वेगवेगळ्या दिशांनी चालू लागतात. दादाने तसंच काढलं होतं. कडेला एका शब्दाचीही कुरकुर नव्हती. धाकटीला दोघांचाही राग आला.

ते पान दाखवायला नेलं त्याच मंगळवारी वहिनीने आणखी एक बातमी दिली होती. समुद्राकाठच्या एका गावात चित्रकलेची शाळा होती, तिथे तिला गोष्ट रचायला शिकवण्याचं काम मिळालं होतं. आगगाडीने सहा तास.

“पुढच्या महिन्यात ही जागा सोडतेय,” वहिनी कपात साखर ढवळत म्हणाली. “तिकडे खोल्या दोन आहेत. एकीत दिवसभर चांगला उजेड असतो.”

“छान,” धाकटी म्हणाली होती.

बसमध्ये बसल्यावर तिला रडू आलं होतं. नवरा-बायकोचं नातं कागदावर जोडतात आणि कागदावर तोडतात. नणंद-भावजयीचं काय करायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. मांगा संपली की मंगळवार संपणार. भावाच्या आधीच्या बायकोकडे, तेही सहा तास लांब, कोणतं निमित्त काढून जायचं?

म्हणून दादाच्या टेबलावर दोन दिवस राहून ते शेवटचं पान जेव्हा तिच्यापुढे आलं, आणि शेवटून दुसऱ्या चौकटीत, मांत्रिकिणीच्या पाठीमागे, चार निळ्या रेघांचा एक हात तिला दिसला, तेव्हा तिने पान उजेडाकडे ओढलं. बाही धरणारा हात. शेजारी एकही शब्द नाही. या घरात चित्र म्हटलं की दादा आणि शब्द म्हटलं की वहिनी, ही वाटणी जन्माची. म्हणजे दादाने हा हात काढला होता. जे त्याला आयुष्यात बोलता आलं नाही ते त्याने निळ्यात काढलं होतं, छापून येणार नाही अशा ठिकाणी. आणि धाकटीने ते पुसायच्याऐवजी शाईने गिरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. धाकटीने दार उघडलं आणि तिची पाचावर धारण बसली. बाहेर वहिनी उभी होती. चार वर्षांत तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

“काय वन्सं,” वहिनी म्हणाली, “आत घेणार का इथूनच बोलू?”

‘वन्सं’ ही तिची जुनी चेष्टा होती. नणंदेला असं मान देऊन हाक मारायची आणि मग चांगली खरडपट्टी काढायची.

वहिनी सरळ शाईच्या टेबलाशी गेली. पान तिथेच होतं. तिने चष्मा लावला, वाकून बघितलं, मग चष्मा काढून हातात धरला.

“सकाळी संपादकांचा फोन आला. म्हणाले, पान फार सुंदर झालंय, पण बाई, हा हात कोणाचा? नकाशेवाला तर समोर दहा पावलांवर उभा आहे. त्याचे दोन्ही हात दिसताहेत. मी म्हटलं, बघून सांगते. उद्या दुपारपर्यंत वेळ दिलाय.”

धाकटीने शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

“निळ्यातलं गिरवायचं नाही, हे तुला कोणी शिकवलं?”

“तू.”

“मग?”

“मला वाटलं दादाने काढलाय.” एकदा बोलायला लागल्यावर धाकटीला थांबता येईना. “मला वाटलं त्याला सांगायचंय. त्याला बोलता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. तू निघून चाललीस, सहा तास लांब, आणि तो साधं तोंड उघडत नाही. म्हटलं, छापून आलं तर तू तरी बघशील. तो तरी बघेल. तुम्ही दोघं परत... मला तू जायला नको आहेस, वहिनी. बास. म्हणून मी केलं.”

वहिनी स्टुलावर बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागावलेली दिसत नव्हती.

“तुझ्या दादाला हात काढता येतात,” ती म्हणाली. “धरता येत नाहीत. तो हात मी काढला.”

“तू?”

“का, मला चार रेघा येत नाहीत? शेवटचं लिहून झालं आणि वाटलं, ही बाई अकरा वर्षांचं सगळं टाकून चाललीय आणि तिला कोणी अडवत कसं नाही? म्हणून आपलं काढून बघितलं. खोडायचं राहिलं.” तिने बोटाने त्या हाताच्या कडेवरून हवेतच रेघ ओढली. “मी या घरातून निघाले त्या दिवशी माझी बाही कोणी धरली होती, आठवतं?”

“मी तर तुझं खोकं धरलं होतं. पुस्तकांचं.”

“एका हाताने खोकं. दुसऱ्या हाताने माझी बाही. पहिल्या मजल्यापर्यंत तू सोडली नाहीस. शिवण उसवली स्वेटरची. मी म्हटलं, अगं सोड, पडू दोघी. तेव्हा सोडलीस.” वहिनी हसली, पण हसू नीट जमलं नाही. “हा तुझा हात आहे, येडे. त्याचा नाही.”

धाकटीने आपल्या हाताकडे पाहिलं. खोक्याचं वजन तिला आठवत होतं, दोरी बोटांत रुतलेली आठवत होती. बाहीचं काही केल्या आठवेना.

“मला ठाऊक होतं.”

आतल्या खोलीच्या दारात दादा उभा होता. कधी आला होता कोण जाणे. हातात पेन्सिल, कानामागे दुसरी पेन्सिल. चार वर्षांनी बायकोसमोर, म्हणजे आता बायको नसलेल्या बाईसमोर आला होता आणि दाढी केलेली नव्हती.

“काय ठाऊक होतं?” वहिनीने विचारलं.

“हात हिचा आहे ते. म्हणून पुसला नाही.” तो पानाकडे बघत बोलत होता. “मी वर कठड्याशी होतो त्या दिवशी.”

किल्ली घासल्यासारखा कुठूनतरी एक बारीक आवाज येत होता, तो दादाच्या बोटांत फिरणाऱ्या पेन्सिलीचा होता.

“तू होतास?” वहिनी म्हणाली. “मग हाक का नाही मारलीस?”

“मला वाटलं, दोघी चाललात.” दादाने पेन्सिल टेबलावर ठेवली. “जिना दिसत होता. खोकं, तू आणि ही. म्हटलं, ही पण गेली. मग दहा मिनिटांनी ही एकटी वर आली आणि भांडी घासायला लागली. मी आत जाऊन बसलो.”

हे दादाचं वर्षभराचं बोलणं झालं असेल. धाकटीला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. वहिनीला काय वाटलं ते कळलं नाही. तिने चष्मा पुसला. मग पांढऱ्या रंगाची बाटली जवळ ओढली आणि तिचं झाकण फिरवलं.

“झाकून टाकू. पाच मिनिटांचं काम आहे.”

“नको,” दादा म्हणाला.

“मग संपादकांना काय सांगू? हात कोणाचा?”

“दिवेवालीचा सांग.”

वहिनीने झाकण परत लावलं. दोघं पानावर वाकले, आणि धाकटीला पूर्वीसारखं दोन्ही डोकी एका टेबलावर बघून क्षणभर भलतीच आशा वाटली. पण ती दोघं कामाचं बोलत होती. कामाचंच बोलत होती, हे तिला स्वच्छ दिसलं. त्यात रुसवा नव्हता आणि ओढही नव्हती. जे संपलं होतं ते व्यवस्थित संपलं होतं. फक्त तिलाच कोणी सांगितलं नव्हतं.

“दिवेवाली बसेल,” वहिनी म्हणाली. “पण नुसता हात चालणार नाही. वाचकाला ती दिसायला हवी. आणि तू तिला अकरा वर्षांत चेहरा दिला नाहीस.”

“तू तिला वाक्य दिलं नाहीस.”

“रात्रीच्या प्रसंगात उजेड पाहिजे म्हणून तू तिला आणलीस. मी म्हटलं होतं का?”

“पाठमोरी बरी दिसायची.”

“बघ. बरी दिसायची म्हणे.”

पानाच्या तळाशी दादाने ‘समाप्त’ लिहायला एक रुंद पट्टी कोरी सोडली होती. तिघांचीही नजर तिथेच गेली. ‘समाप्त’ कोपऱ्यात बारीक अक्षरात बसलं असतं. एक चौकट सहज मावत होती.

“काढ,” वहिनी दादाला म्हणाली.

दादाने मान हलवली. “मला तिचा चेहरा माहीत नाही. हिला काढू दे.”

“मी?” धाकटी दचकली. “मी गिरवते, दादा. मला काढता कुठे येतं?”

“हा हात कोणी काढला?” वहिनीने पान तिच्याकडे सरकवलं. “माझ्या चार रेघा होत्या. अंबाडा म्हटला असता तरी चालला असता. ही नखं, हा अंगठ्याचा ताण, ही ओढलेली शीर, यातलं एक तरी माझं आहे का? त्याचं आहे? बस इथे.”

धाकटी बसली. दादाने कानामागची पेन्सिल काढून तिच्या पुढ्यात ठेवली. कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढायची तिला सवय नव्हती. आजवर तिच्याआधी नेहमी कोणाची तरी रेघ असायची. तिने चेहरा काढला आणि पुसला. पुन्हा काढला, तो फार गोड झाला म्हणून पुसला. तिसऱ्या वेळी तिने डोळ्यांपासून सुरुवात केली. दिवा खाली ठेवलेली, एका हाताने बाही धरलेली एक बाई. तरुण नाही. दमलेली, थोडी चिडलेलीसुद्धा, आणि बऱ्याच दिवसांनी समोर बघणारी. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं.

मग तिने डोक्याच्या वर एक फुगा काढला, कारण चेहरा झाल्यावर ही बाई गप्प राहील असं काही वाटेना.

“काय म्हणते ती?” तिने वहिनीला विचारलं.

“मला काय विचारतेस? माझ्या गोष्टीत ती मुकी आहे.” वहिनीने आपल्या पर्समधून निळी पेन्सिल काढली आणि तिला दिली. “तुला माहीत असेल तर लिही.”

धाकटीने पेन्सिल धरली. या घरातली भांडी, बाटल्या, निब, दादाचं वेळच्या वेळी जेवण, त्याचा न दाखवलेला दात, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला दादा आवडत होता. त्याला सोडावं असं तिला कधीही वाटलं नव्हतं. आणि तरी लिहायला बसल्यावर एकच वाक्य हाताशी आलं, ते तिने बारीक अक्षरात फुग्यात लिहिलं. लिहून झाल्यावर तिने कोणाकडेही बघितलं नाही.

वहिनीने वाचलं. तिने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि पान दादाकडे सरकवलं. फुग्यातली अक्षरं शाईने काढायचं काम पहिल्यापासून दादाचं होतं.

दादाने वाचलं. तो बराच वेळ वाचत राहिला, जणू तीन शब्द नसून तीन पानं असावीत.

“पक्कं?” त्याने विचारलं.

“हं.”

“शाईने लिहिलं की मग मागे नाही.”

“माहीत आहे, दादा.”

त्याने खुर्ची ओढली. बारीक निब काढली, उजेडात धरून बघितली आणि ठेवून दिली. जाड निब घेतली. ती शाईत बुडवून, एकही अक्षर हलू न देता, त्याने लिहिलं: ‘मी पण येते.’ फुगा मोठा होता, म्हणून त्याने अक्षरंही मोठी काढली.